डार्क फोटॉन आणि कृष्णपदार्थाचे इतर मध्यस्थ कण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णपदार्थ म्हणजे आजवर फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवलेला अदृश्य पदार्थ; मध्यस्थ म्हणजे त्याच्यात आणि आपल्या कणांत दुवा ठरू शकेल असा कण. या पानावर सगळी वस्तुमानं ऊर्जेच्या एककात आहेत. अंदाजासाठी: इलेक्ट्रॉन ०.५११ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १ एमईव्ही), म्यूऑन १०५.७ एमईव्ही, प्रोटॉन ९३८ एमईव्ही. १००० एमईव्ही म्हणजे १ जीईव्ही.

मध्यस्थ कण म्हणजे कृष्णपदार्थच ना?

बहुतेक वेळा नाही. बातम्यांमध्ये ही गल्लत सर्रास होते. विश्वातल्या एकूण पदार्थापैकी सहा भागांतले सुमारे पाच भाग कृष्णपदार्थाचे आहेत आणि तो अब्जावधी वर्षं टिकून आहे, म्हणजे त्याचा कण (पुढे त्याला कृष्णकण म्हणू) स्थिर असायला हवा. मध्यस्थाला ही अट नाही. तो निर्माण होऊन सेकंदाच्या नगण्य अंशात मोडून गेला तरी चालतं. त्याचं काम एवढंच, की एका बाजूला कृष्णकणाशी आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉन-प्रोटॉनसारख्या आपल्या कणांशी त्याचा संबंध असावा. अपवाद अतिशय हलक्या डार्क फोटॉनचा (हा मध्यस्थाचाच एक प्रकार). तो स्वतःच कृष्णपदार्थ असू शकतो. त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

गुरुत्वाकर्षण आहेच की. मग आणखी एक कण कशाला हवा?

कृष्णपदार्थ आहे हे कळायला गुरुत्वाकर्षण पुरतं. तो *इतकाच* का आहे, हे त्यातून कळत नाही.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं स्पष्टीकरण असं. सुरुवातीच्या तप्त विश्वात कृष्णकणांच्या जोड्या नष्ट होऊन साधे कण बनत होते आणि साध्या कणांपासून पुन्हा कृष्णकण बनत होते. विश्व थंड होत गेलं तशी उलटी प्रक्रिया बंद पडली. तापमान कृष्णकणाच्या वस्तुमानाच्या साधारण विसाव्या भागावर आलं, की कृष्णकण इतके विरळ होतात की जत्रा पांगल्यासारखं कुणी कुणाला गाठ पडत नाही. तेव्हा जे उरले तेच आजचे. नष्ट होण्याचा वेग जितका जास्त तितके उरलेले कण कमी. आज मोजलेलं प्रमाण मिळायला हा वेग सुमारे ३ गुणिले १०चा उणे २६ वा घात घनसेंटिमीटर प्रतिसेकंद असावा लागतो.

आता खरी अडचण. हे काम आपल्या ओळखीच्या क्षीण बलाकडे सोपवलं, तर वेग कृष्णकणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि मध्यस्थाच्या वस्तुमानाच्या चौथ्या घाताने घटतो. क्षीण बलाचा मध्यस्थ झेड बोसॉन ९१ जीईव्हीचा आहे. त्यामुळे कृष्णकण हलका घेतला की वेग कोसळतो आणि कण प्रमाणाबाहेर उरतात. बेन ली आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा खालची मर्यादा सुमारे २ जीईव्ही आली. त्याहून हलका कृष्णकण हवा असेल तर मध्यस्थही हलका आणि नवा हवा. २००० नंतरच्या दशकात सेलिन बोएम, पिएर फाये आणि इतरांनी हाच धागा पकडून एमईव्ही पट्ट्यातला कृष्णपदार्थ मांडला.

थोडक्यात, हा कण हौसेने कल्पिलेला नाही. उष्ण विश्वात बनलेला हलका कृष्णपदार्थ हे गृहीतक धरलं, तर त्याच्याशिवाय जमाखर्च जुळत नाही. गृहीतकच सोडलं तर प्रश्न मिटतो, हेही तितकंच खरं.

जड कृष्णकणासाठी तरी झेड किंवा हिग्ज चालेल का?

झेड बोसॉनशी पूर्ण ताकदीने जोडलेला कृष्णकण जमिनीखालच्या प्रयोगांत कधीच दिसायला हवा होता. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या एलझेड प्रयोगाच्या (जमिनीखालची द्रव झेनॉनची टाकी) मर्यादा त्या अपेक्षेच्या कोट्यवधी पटींनी खाली गेल्या आहेत. हिग्जचा, म्हणजे इतर कणांच्या वस्तुमानाशी जोडलेल्या कणाचा, मार्ग अजून पूर्ण बंद झालेला नाही, पण अरुंद झाला आहे. कृष्णकण हिग्जच्या निम्म्या वस्तुमानाहून, म्हणजे ६२.५ जीईव्हीहून हलका असेल तर हिग्ज त्यांच्यात मोडून गायब व्हायला हवा, आणि अशा अदृश्य मोडीचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांच्या वर नाही असं युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलस प्रयोगाने दाखवलं आहे. मुख्यतः ६२.५ जीईव्हीच्या आसपासची फट उरली आहे.

असे मध्यस्थ किती प्रकारचे असू शकतात?

आपल्या कणांपासून कृष्णपदार्थापर्यंत जाणाऱ्या वाटांना दारं म्हणू. सिद्धांताच्या नियमांत बसणारी आणि कमी ऊर्जेलाही टिकणारी दारं मोजकीच आहेत. सर्वांत जास्त अभ्यास झालेलं दार डार्क फोटॉनचं. हे पान मुख्यतः त्याच्याबद्दल आहे, कारण त्याची गणितं स्वच्छ आहेत आणि प्रयोगही सर्वाधिक. दुसरं दार हिग्जचं: हिग्जमध्ये किंचित मिसळणारा नवा हलका अदिश (फिरकी नसलेला) कण. तो प्रत्येक कणाशी त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात जोडला जातो, त्यामुळे इलेक्ट्रॉनला जवळजवळ ओळखतच नाही आणि बॉटम क्वार्क असलेल्या मेसॉनांच्या (क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्यांच्या) मोडीत शोधावा लागतो. तिसरं न्यूट्रिनोंचं, ज्यात जड उदासीन लेप्टॉन, म्हणजे न्यूट्रिनोंचे जड भाऊबंद, येतात. यांच्या जोडीला अ‍ॅक्सिऑनसारखे कण धरतात, पण त्यांच्या समीकरणांना कुठल्यातरी उच्च ऊर्जेवर आणखी नवं भौतिकशास्त्र लागतंच, म्हणून काटेकोर माणसं त्यांना वेगळ्या रकान्यात टाकतात.

डार्क फोटॉन साध्या फोटॉनात "मिसळतो" म्हणजे काय होतं?

कृष्णकणांना आपल्या विद्युतभारासारखा स्वतःचा एक भार आहे असं धरा. त्या भाराचं बल वाहणारा कण म्हणजे डार्क फोटॉन. बॉब होल्डम यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की दोन्ही प्रकारचे भार असलेला एखादा जड कण निसर्गात असेल, तर क्वांटम फेऱ्यांमधून (तो कण क्षणभर उमटून विरतो तेव्हा) हे दोन फोटॉन एकमेकांत थोडे मिसळतात. किती मिसळतात ते सांगणाऱ्या संख्येला एप्सिलॉन म्हणतात.

डार्क फोटॉनला वस्तुमान असेल तर परिणाम सोपा आहे: प्रत्येक साध्या कणाला त्याच्या विद्युतभाराच्या एप्सिलॉन पट इतका डार्क भार मिळतो. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, म्यूऑन सगळ्यांना. न्यूट्रिनो आणि न्यूट्रॉन यांचा विद्युतभार शून्य, म्हणून त्यांना काही नाही. प्रक्रियांचे दर मात्र एप्सिलॉनच्या वर्गाने ठरतात. एप्सिलॉन एक हजारांश असेल तर घटना दहा लाखांत एक.

एप्सिलॉन केवढा असावा? एका फेरीचा अंदाज असा काढतात: विद्युतभाराचं मूल्य (सुमारे ०.३) गुणिले डार्क भाराचं मूल्य, भागिले १६ गुणिले पायचा वर्ग (सुमारे १५८). डार्क भारही ०.३ धरला तर उत्तर ०.०००६ च्या आसपास येतं. पहिली फेरी एखाद्या सममितीमुळे रद्द झाली तर पुढच्या फेरीतून एक दशलक्षांशाच्या घरातलं मूल्य येतं. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्या जड कणाचं वस्तुमान गणितात फक्त लॉगरिदममध्ये येतं. म्हणजे तो कण कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर इतका जड असला, तरी त्याने मागे ठेवलेला एप्सिलॉन पुसला जात नाही. कमी ऊर्जेच्या यंत्रांवर इतका भरवसा ठेवण्याचं कारण हेच आहे.

डार्क फोटॉनचं वस्तुमान शून्य असेल तर?

तर गणित उलटं फिरतं. तेव्हा कृष्णकणांनाच अतिशय छोटा विद्युतभार मिळतो; त्यांना मिलीचार्ज कण म्हणतात. त्यांचा शोध वेगळ्या उपकरणांनी घेतात, म्हणून इथे फक्त वस्तुमान असलेल्या डार्क फोटॉनबद्दल.

तो कशात मोडतो आणि किती अंतर जातो?

सगळा खेळ एका तुलनेवर आहे. डार्क फोटॉन कृष्णकणाच्या दुपटीपेक्षा जड असेल, तर तो जवळजवळ नेहमी कृष्णकणांच्या जोडीत मोडतो आणि आपल्याला काहीच दिसत नाही. याला अदृश्य मोड म्हणतात. हलका असेल तर त्याला साध्या कणांत मोडण्यावाचून पर्याय नाही. ती दृश्य मोड.

दृश्य मोडीत १.०२२ एमईव्हीच्या खाली इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची जोडीही परवडत नाही. दोन फोटॉनांत मोडायला कोनीय संवेगाचे नियम मना करतात, उरते तीन फोटॉनांची अतिमंद वाट. १.०२२ ते २११ एमईव्हीपर्यंत फक्त इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन. २११ च्या वर म्यूऑनांची जोडी, २७९ च्या वर पायॉनांची (सर्वांत हलक्या मेसॉनांची).

अंतराचा हिशेब स्वतः करून पाहता येतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमधल्या मोडीची रुंदी (मोडण्याचा दर, ऊर्जेच्या एककात; ती जितकी जास्त तितकं आयुष्य कमी) म्हणजे वस्तुमान गुणिले एप्सिलॉनचा वर्ग, भागिले (३ गुणिले १३७). वस्तुमान १०० एमईव्ही आणि एप्सिलॉन एक लक्षांश घेतला तर आयुष्य गुणिले प्रकाशवेग सुमारे ८ मिलिमीटर येतं. पण वेगवान कणाचं घड्याळ मंद चालतं, म्हणून त्याला ऊर्जा भागिले वस्तुमान या आकड्याने गुणावं लागतं. १०० जीईव्ही ऊर्जेला हा आकडा १०००, म्हणजे ८ मिलिमीटरचे ८ मीटर झाले. तोच डार्क फोटॉन १००० जीईव्हीचा असेल तर ८० मीटर. उलट एप्सिलॉन एक हजारांश केला, तर ते ८ मिलिमीटर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही खाली येतात आणि कण जन्मला तिथेच मोडतो. कुठला प्रयोग कुठल्या एप्सिलॉनसाठी बांधला आहे, ते या एका गुणाकारावरून ओळखू येतं.

मग प्रयोगात त्याला पकडतात कसं?

मोडण्याचं अंतर नगण्य असेल तर वस्तुमानाच्या आलेखात उंचवटा शोधतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन किंवा म्यूऑनांच्या लाखो जोड्या गोळा करायच्या, प्रत्येकीवरून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं आणि गुळगुळीत पार्श्वभूमीवर एक टोकदार उठाव दिसतो का ते बघायचं. कॅलिफोर्नियातल्या बाबार प्रयोगाने २०१४ मध्ये २० एमईव्हीपासून १०.२ जीईव्हीपर्यंतचा पट्टा असा चाळला. सर्नच्या एनए४८/२ ने उदासीन पायॉनांच्या सुमारे १ कोटी ६९ लाख मोडी तपासल्या. दोन्हीकडे उंचवटा नाही. या पद्धतीत जीव असतो तो वस्तुमान मोजण्याच्या अचूकतेत: मापन ढिलं झालं की उंचवटा पसरट होतो आणि पार्श्वभूमीत बुडतो.

अंतर काही मीटर किंवा जास्त असेल तर शलाका (कणांचा झोत) जाड अडथळ्यावर आपटायची, बाकी सगळं अडथळ्यात शोषलं जाऊ द्यायचं आणि पलीकडे काही उमटतं का ते पाहायचं. स्लॅक प्रयोगशाळेच्या ई१३७ प्रयोगात १७९ मीटरची टेकडीच अडथळा होती आणि तिच्यापलीकडे २०४ मीटर मोकळी जागा. याचाच नवा अवतार म्हणजे सर्नचा फेझर: अ‍ॅटलसच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटरवर, मध्ये सुमारे १०० मीटर खडक आणि काँक्रीट, मोडीसाठी अवघी दीड मीटरची नळी. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या शोधात शून्य घटना आल्या. हे शून्य कामाचं आहे, कारण पार्श्वभूमीही जवळजवळ शून्य अपेक्षित होती.

या पद्धतीची आलेखावरची व्याप्ती नेहमी बोटासारखी असते. एप्सिलॉन फार मोठा तर कण अडथळ्यातच मोडतो, फार छोटा तर तयारच होत नाही किंवा डिटेक्टर ओलांडून पुढे निघून जातो.

अदृश्य मोड असेल तर न दिसणाऱ्या कणाचा शोध कसा लागणार?

गहाळ ऊर्जेवरून. सर्नचा एनए६४ हे याचं सर्वांत नेटकं उदाहरण आहे.

१०० जीईव्हीचे इलेक्ट्रॉन एकेक करून शिसं आणि सिंटिलेटर (कण गेला की चमकणारं द्रव्य) यांच्या थरांच्या कॅलरीमीटरवर, म्हणजे ऊर्जामापकावर, सोडतात. कॅलरीमीटर ४० विकिरण-लांब्यांचा (इलेक्ट्रॉनची ऊर्जा जिरण्याच्या अंतराचं एकक) आहे, म्हणजे साध्या इलेक्ट्रॉनची सगळी ऊर्जा त्यातच जिरते. डार्क फोटॉन तयार झाला तर तो ऊर्जेचा मोठा वाटा घेऊन पसार होईल. निवडीची अट: या कॅलरीमीटरमध्ये ५० जीईव्हीपेक्षा कमी ऊर्जा, आणि मागच्या हॅड्रॉन (प्रोटॉन-पायॉनसारखे क्वार्कांचे कण) कॅलरीमीटरमध्ये १ जीईव्हीपेक्षाही कमी.

सोपं वाटतं, पण गोची तीन जागी आहे. शलाकेत चुकून पायॉन मिसळला तर तो इलेक्ट्रॉनसारखी ऊर्जा सोडत नाही आणि खोटी गहाळ ऊर्जा दिसते. म्हणून आधी चुंबकाने शलाका वळवतात: वळताना इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन विकिरण टाकतो, जड पायॉन जवळजवळ टाकत नाही, आणि ते विकिरण मोजून इलेक्ट्रॉनची ओळख पटवतात. दुसरी अडचण, कॅलरीमीटरच्या आधीच इलेक्ट्रॉन एखाद्या अणुकेंद्राला धडकून हॅड्रॉन तिरके उडवतो आणि ते डिटेक्टरला टाळून निघून जातात. सर्वांत त्रासदायक हीच, कारण ती उपकरणाच्या आकारातून येते. शलाकेच्या वाटेतली सामग्री कमी करणं आणि बाजूला जास्त डिटेक्टर लावणं हाच उपाय. तिसरी, कॅलरीमीटरमध्ये म्यूऑनांची जोडी तयार होऊन ऊर्जा पुढे नेते. पण ती मागे स्पष्ट खूण ठेवते, म्हणून तिचा उपयोग उलट उपकरणाची परीक्षा घ्यायला करतात: मोजलेल्या जोड्या गणिताशी जुळल्या, तर बाकीच्या हिशेबावर विश्वास ठेवता येतो.

२०१६ ते २०२२ मध्ये सुमारे ९४ हजार कोटी इलेक्ट्रॉन असे तपासून झाले. एकही घटना अटीत बसली नाही.

याला पर्याय म्हणजे कृष्णकणांची शलाका बनवून ते दूरच्या डिटेक्टरमध्ये आदळताना बघणं. फर्मिलॅबच्या मिनीबून डिटेक्टरने तसं केलं. त्यात फायदा हा, की कृष्णकणाची धडक खरोखर दिसते. तोटा हा, की बनताना एप्सिलॉनचा वर्ग आणि आदळताना पुन्हा वर्ग, मिळून चौथा घात. एप्सिलॉन दहापट कमी झाला तर घटना दहा हजार पटींनी आटतात; गहाळ ऊर्जेच्या पद्धतीत शंभर पटींनीच.

कोलायडरमध्ये एकटा फोटॉन पाहून शोध घेतात म्हणे?

हो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीतून एक साधा फोटॉन आणि एक डार्क फोटॉन निघाला, डार्क फोटॉन अदृश्य झाला, तर उरलेल्या फोटॉनच्या ऊर्जेवरून त्याचं वस्तुमान काढता येतं. बाबारने २०१७ मध्ये ८ जीईव्हीपर्यंत हे केलं. धोका असा: दोन साधे फोटॉन निघून त्यातला एक डिटेक्टरच्या फटीतून निसटला, तर चित्र हुबेहूब शून्याजवळच्या वस्तुमानाच्या डार्क फोटॉनसारखंच दिसतं. म्हणून अशा शोधाचा निबंध वाचताना फटींचा नकाशा आणि निसटलेल्या फोटॉनांचा अंदाज हे प्रकरण आधी बघावं.

आकाशातून काही कळतं का?

बरंच. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या मोठ्या मॅजेलनिक मेघात तारा फुटला आणि जपान, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले, तेही दहाबारा सेकंदांत पसरून. ताऱ्याचा गाभा न्यूट्रिनोंमार्फत थंड व्हायला तेवढाच वेळ लागतो असं गणित सांगतं. डार्क फोटॉनांनी ऊर्जा चोरून नेली असती तर हा ओघ लवकर आटला असता. त्यावरून सुमारे १०० एमईव्हीखालच्या वस्तुमानांसाठी एप्सिलॉनचा एक पट्टा बाद होतो, साधारण एक अब्जांश ते एक कोट्यंशाच्या दरम्यान. वरचं टोक का आहे, असं विचारतात: एप्सिलॉन त्याहून मोठा असेल तर डार्क फोटॉन गाभ्यातच अडकतात आणि ऊर्जा बाहेर नेऊ शकत नाहीत. ही मर्यादा गाभ्याची घनता आणि तापमान यांच्या प्रतिकृतीवर अवलंबून आहे, त्यामुळे तिच्या कडा प्रयोगशाळेतल्या मर्यादांइतक्या धारदार मानू नयेत.

दुसरा पुरावा वैश्विक सूक्ष्मलहरींचा, म्हणजे विश्वाच्या बालपणातून आलेल्या प्रकाशाचा. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना कृष्णकण त्याच वेगाने नष्ट होत असते, तर त्यांच्या ऊर्जेने अणू पुन्हा आयनित झाले असते आणि प्लँक उपग्रहाला ते दिसलं असतं. त्यामुळे सुमारे १० जीईव्हीपेक्षा हलके साधे नमुने बाद ठरतात. हलक्या कृष्णपदार्थाचे समर्थक इथे नमुना बदलतात: नष्ट होण्याचा दर कणांच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून ठेवतात. सुरुवातीला कण वेगवान होते तेव्हा काम झालं, नंतर ते मंदावले आणि दर नगण्य झाला. कृष्णकण अदिश असेल तर डार्क फोटॉनमार्फत असंच घडतं, तेव्हा ही पळवाट ओढूनताणून आणलेली नाही.

जमिनीखालच्या झेनॉनच्या टाक्यांत हलका कृष्णकण का दिसत नाही?

कारण धक्का फार हलका बसतो. आकाशगंगेतला कृष्णकण प्रकाशवेगाच्या साधारण हजाराव्या भागाने फिरतो. १०० एमईव्हीच्या कणाची गतिज ऊर्जा ५० इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. तो झेनॉनच्या अणुकेंद्रावर आदळला तर केंद्र त्याच्या हजारपटीहून जड, म्हणून फार तर ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतच ऊर्जा देऊ शकतो. टाकीला त्याचा पत्ताही लागत नाही.

इलेक्ट्रॉनवर आदळला तर गोष्ट वेगळी. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. म्हणून सेन्सेई आणि डॅमिक-एम हे प्रयोग कॅमेऱ्यात असतो तसा सीसीडी वापरतात, पण स्किपर जातीचा. साधा सीसीडी प्रत्येक पिक्सेलचा भार एकदाच मोजतो आणि मोजताना काही इलेक्ट्रॉनांची चूक होते. स्किपर तोच भार न बिघडवता पुन्हा पुन्हा मोजतो. मोजण्या वाढवल्या तशी चूक त्यांच्या वर्गमुळाने घटते. सुमारे ४००० मोजण्यांनंतर ती एका इलेक्ट्रॉनच्या दहाव्या भागाच्याही खाली जाते, म्हणजे एक, दोन, तीन इलेक्ट्रॉन सरळ मोजता येतात. किंमत वेळेत मोजावी लागते: चिप वाचायला तास लागतात आणि तेवढ्या वेळात उष्णतेमुळे सुटणारे इलेक्ट्रॉन जमा होत राहतात. ते कमी करायला चिप खूप थंड ठेवतात, तरी आवरणातून झिरपणारा प्रकाश आणि जवळून जाणाऱ्या भारित कणांनी चमकवलेले फोटॉन उरतातच. एका इलेक्ट्रॉनच्या घटना त्यामुळे फारशा विश्वासाच्या नसतात. दोन किंवा जास्त इलेक्ट्रॉनांच्या घटनांवर भर असतो.

डार्क फोटॉन स्वतः कृष्णपदार्थ असेल तर?

वस्तुमान १.०२२ एमईव्हीच्या बरंच खाली आणि एप्सिलॉन पुरेसा छोटा असेल तर तो विश्वाच्या वयाहून जास्त टिकतो. फार हलका असेल तर तो कणापेक्षा लाटेसारखा वागतो आणि शोध रेडिओसारखा घ्यावा लागतो: १ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे २४२ मेगाहर्ट्झ. त्याहून लाखो पटींनी हलका असेल तर त्याची थरथर गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या आरशांवर दिसू शकते आणि लायगो-व्हर्गोच्या डेटात ती शोधूनही झाली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहिल्यावर तिथला डेटाही याच कामी येऊ शकेल.

"नवं बल सापडलं" अशा बातम्या येऊन गेल्या. त्यांचं काय झालं?

तीन प्रकरणं पुन्हा पुन्हा विचारली जातात.

म्यूऑनचं चुंबकत्व: अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतलं मापन आणि सिद्धांताचा आकडा यांतला फरक डार्क फोटॉनने भरून निघेल अशी आशा होती. साधा डार्क फोटॉन त्यातून २०१५ ते २०१७ दरम्यानच बाद झाला, दृश्य आणि अदृश्य दोन्ही प्रकारांत. २०२५ मध्ये फर्मिलॅबचं अंतिम मापन आलं, आणि त्याच वर्षी जालक-गणनेवर (अवकाश-काळाची जाळी मांडून संगणकावर केलेल्या गणितावर) आधारलेला सिद्धांताचा नवा आकडा त्याच्याशी जुळला. भरून काढायला तफावतच उरली नाही.

एक्स१७: हंगेरीतल्या देब्रेत्सेनच्या अतोम्की संस्थेत लिथियमवर प्रोटॉन मारून बेरिलियम-८ ची १८.१५ एमईव्हीची उत्तेजित अवस्था तयार केली. तिच्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमधल्या कोनाच्या आलेखात सुमारे १४० अंशांवर जास्तीच्या घटना दिसल्या. १६.७ एमईव्हीचा कण धरला तर किमान कोन सुमारे १३४ अंश येतो, म्हणजे जागा बरोबर जुळते. निकाल २०१६ मध्ये छापून आला, ६.८ सिग्माचा. पण पायॉनांच्या मोडीत काहीच न दिसल्यामुळे हा कण साधा डार्क फोटॉन असू शकत नाही. प्रोटॉनला टाळणारा वेगळा नमुना कल्पावा लागला. स्वित्झर्लंडमधल्या मेग-२ प्रयोगाने लिथियमचाच प्रयोग करून पाहिला, ठळक खूण मिळाली नाही, पण अतोम्कीचा निकाल पक्का खोडलाही गेला नाही. इटलीतल्या फ्रास्काती इथल्या पॅडमी प्रयोगाला १६.९ एमईव्हीजवळ किंचित वाढ दिसली, दोन सिग्माच्या आतली. सिग्माचा आकडा मोठा असला तरी तो फक्त योगायोगाची शक्यता सांगतो. डिटेक्टर ठरावीक कोनांना जास्त कार्यक्षम आहे का, हे त्यात येत नाही. इथे खरी शंका तीच होती.

झेनॉन-वन-टी (जमिनीखालची झेनॉनची टाकी): २०२० मध्ये १ ते ७ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १ केईव्ही) पट्ट्यात २३२ अपेक्षित असताना २८५ घटना आल्या. डार्क फोटॉनपासून सौर अ‍ॅक्सिऑनपर्यंत सगळे दावेदार पुढे आले. ट्रिटियमचे (किरणोत्सारी हायड्रोजनचे) मोजके अणू मिसळले असतील ही शंका तेव्हाच नोंदवली होती. २०२२ मध्ये त्याच्याच जास्त स्वच्छ वारसाला, झेनॉन-एन-टी ला, ती वाढ दिसली नाही.

मर्यादांचा रंगीत आलेख कसा वाचायचा?

आडव्या अक्षावर वस्तुमान, उभ्यावर एप्सिलॉन किंवा त्याचा वर्ग, दोन्ही लॉगरिदमिक. वर्ग आहे की नुसता एप्सिलॉन हे आधी पाहा, नाहीतर तुलना निम्म्या घातांकांनी चुकते. रंगवलेला भाग बाद झालेला, बहुधा ९० टक्के विश्वासपातळीवर. तुटक रेषा म्हणजे भविष्यातल्या प्रयोगाची अपेक्षा; तिला निकाल समजू नये.

मग आलेख दृश्य मोडीचा की अदृश्य, ते बघा. एकाची मर्यादा दुसऱ्याला लागू होत नाही. अदृश्य आलेखांत उभ्या अक्षावर अनेकदा एक जोडसंख्या असते: एप्सिलॉनचा वर्ग, गुणिले डार्क बलाची ताकद, गुणिले (कृष्णकणाचं वस्तुमान भागिले डार्क फोटॉनचं वस्तुमान) या गुणोत्तराचा चौथा घात. हिचा फायदा हा, की योग्य प्रमाणात कृष्णपदार्थ उरण्याची अट एका रेषेत काढता येते. मात्र त्यासाठी बहुतेक निबंध डार्क फोटॉन कृष्णकणाच्या ३ पट जड आणि डार्क ताकद ०.१ किंवा ०.५ धरतात. ही पट २ च्या अगदी जवळ आणली तर नष्ट होण्याचा दर अनुनादामुळे खूप वाढतो, आवश्यक एप्सिलॉन बराच खाली घसरतो आणि "हा नमुना संपला" असं सांगणारा आलेख एकदम मोकळा होतो. आलेखाखालच्या बारीक अक्षरांत ही दोन मूल्यं नसतील तर त्यावर मत बनवू नये.

भारतातून यावर काम होतं का?

होतं. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जपानमधल्या बेल-२ प्रयोगात आहे. त्याच्या सिलिकॉन व्हर्टेक्स डिटेक्टरचा चौथा थर जोडण्याचं काम तिच्या गटाने केलं. बेल-२ चा पहिला भौतिकशास्त्रीय निबंध अदृश्यपणे मोडणाऱ्या अशाच एका मध्यस्थ कणाच्या शोधाचा होता. पुण्याची आयसर सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहे, तिथे म्यूऑन-जोड्यांत डार्क फोटॉन शोधले जातात. झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर भूमिगत प्रयोगशाळा असून तिथे अतितप्त थेंबांच्या डिटेक्टरने कृष्णकणाचा शोध चालतो.

पुढच्या काळात कशाकडे लक्ष ठेवायचं?

सर्नने २०२४ मध्ये शिप प्रयोगाला मंजुरी दिली: ४०० जीईव्हीचे प्रोटॉन जड लक्ष्यावर, वर्षाला सुमारे ४ गुणिले १०चा १९ वा घात इतके. तो लांब जगणाऱ्या कणांसाठी आहे. अदृश्य मोडीसाठी स्लॅकला नियोजित एलडीएमएक्सकडे पाहावं. तिथे लक्ष्य इतकं पातळ आहे की इलेक्ट्रॉन त्यातून बाहेर येतो आणि त्याची ऊर्जाच नव्हे, दिशाही मोजता येते. काटकोनातला धक्का किती बसला हे कळलं, की एनए६४ ला न मिळणारी एक जादा खूण हाती येते, आणि सापडलाच तर त्या कणाच्या वस्तुमानाचा अंदाजही.

एप्सिलॉन चक्क शून्य असेल तर?

तर वरचं एकही उपकरण कधीच काही नोंदवणार नाही. तेव्हा आकाशातल्या खुणांवरच भागवावं लागेल. कृष्णकण एकमेकांना ढकलतात का हे दीर्घिकासमूहांच्या टकरींतून तपासता येतं. बुलेट क्लस्टरवरून (एकमेकांतून आरपार गेलेले दोन दीर्घिकासमूह) दर ग्रॅममागे सुमारे १ चौरस सेंटिमीटर ही वरची मर्यादा मिळते. कणांच्या मापाने ती प्रचंड ढिली आहे: प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाच्या कणासाठी ती न्यूट्रॉन-प्रोटॉन धडकेच्या आकाराच्या घरात जाते. म्हणजे कृष्णपदार्थाच्या आत आपापसांत बऱ्यापैकी जोरदार बल असायला आजही जागा आहे, मग त्याचा वाहक आपल्या फोटॉनात मिसळो वा न मिसळो.